एअर फिल्टर बसवलात? आता गाडीत साखरेचं पोतं टाका आणि मोजा

मागच्या मे महिन्यात मी माझ्या स्विफ्टला परफॉर्मन्स एअर फिल्टर (इंजिनला जास्त हवा ओढू देणारा) बसवला आणि मोबाईलवरच्या ॲपनं सांगितलं की गाडी १२ टक्के जोरात पळतीया. मी ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या मित्राला दाखवलं, पैज लागली होती, त्याच्याकडनं अर्धा किलो कुंदा (इथली मिठाई) वसूल पण केला. नंतर दोन आठवड्यांनी वही उघडून बघतोय तर काय, पहिली टेस्ट शनिवारी भर दुपारी ३७ डिग्रीत केलेली, शेजारी ८० किलोचा हाच मित्र बसलेला आणि टाकी फुल्ल. दुसरी टेस्ट रविवारी पहाटे, मी एकटा, टाकीत काटा लालच्या जवळ. म्हणजे फिल्टरचं सोडा, मित्र गाडीतनं उतरला एवढ्यानंच पिकअप वाढलेला. कुंदा परत आणून दिला आणि तेव्हापासनं हे मोजायचं काम जरा नीट करायला लागलो. आता केए २२ वाले पण विचारतात आणि कोल्हापूरकडचे एमएच ०९ वाले पण, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं हे मीटर, म्हणजे पिकअप मोजणारं ॲप नाहीतर यंत्र, करतंय काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं जादूटोणा वाटेल. आत एक ॲक्सिलरोमीटर असतो, सिलिकॉनचा बारीकसा तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर तोललेला, गाडी पुढं ओढली गेली की तो मागं राहतो आणि किती मागं राहिला ते चिप मोजते. एअरबॅग उघडायला पण हाच प्रकार वापरतात. मीटरला तुमचा स्पीड माहीत नसतो, अंतर माहीत नसतं, त्याला फक्त धक्का कळतो, तोही जी मध्ये, १ जी म्हणजे ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. हा धक्का सेकंदाच्या बारीक बारीक भागानं बेरीज करत गेलं की स्पीड मिळतो आणि स्पीडची बेरीज केली की अंतर. बेरजेचा धंदा आहे म्हणजे चूक पण बेरजेनंच वाढते, किराणा दुकानाच्या उधारीसारखी, रोजचे दोन रुपये चुकले तर महिनाअखेरीला भांडण.

मीटर कुठला घ्यायचा? जुनं जी-टेक प्रो नावाचं यंत्र होतं, काचेला चिकटवायचं आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधनं करंट द्यायचा, त्याच्या पुढच्या मॉडेलला तर त्याच वायरमधल्या व्होल्टेजच्या थरथरीवरनं इंजिनचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) पण कळायचा, डोकं लावलेलं होतं पोरांनी. आता सेकंडहँड मिळालं तर घ्या पण त्यासाठी अडून बसू नका. मोबाईलमध्ये सेन्सर आहेच. फिफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन युनिव्हर्सिटीनं शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी बनवलेलं, जाहिराती नाहीत, काही नाही आणि सगळे आकडे एक्सेलमध्ये बाहेर काढून देतं. मी तेच वापरतो. पैसे घालायची तयारी असेल तर ड्रॅगी किंवा रेसबॉक्स मिनी असली जीपीएसची डबी घ्या, ड्रॅगी सेकंदाला १० वेळा आणि रेसबॉक्स २५ वेळा जागा बघते. मोबाईलचा स्वतःचा जीपीएस मात्र बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच बघतो, ४ सेकंदाच्या टेस्टमध्ये चार ठिपके, त्यावर काय रेघ मारणार.

आणि स्पीडोमीटरकडं बघून स्टॉपवॉच दाबणारे पण आहेत. नका करू. स्पीडोमीटर खरा स्पीड कधी कमी दाखवू शकत नाही असा नियम आहे, म्हणून कंपन्या तो मुद्दाम थोडा जास्तच दाखवायला ठेवतात, काट्यावर १०० म्हणजे खरे ९५ च्या आसपास असू शकतात. त्यात टायरचं माप बदललं की तो हिशोब पण बिघडला. १८५/६५ आर १५ काढून १९५/६५ आर १५ घातला तर चाक २ टक्क्यानं मोठं होतं, स्पीडोमीटरला आणि ओबीडीच्या डोंगलला (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणाऱ्या डबीला) हे कळत नाही, ॲक्सिलरोमीटरला त्याच्याशी देणंघेणं नाही.

फिफॉक्समध्ये दोन पर्याय दिसतील, एक ॲक्सिलरेशन विथ जी आणि एक विदाऊट जी. सगळेजण दुसरा निवडतात कारण तो सोपा दिसतो, आकडा शून्यावर बसलेला असतो. तिथंच फसगत आहे. विदाऊट जी वाला आकडा मोबाईल स्वतःच्या अंदाजानं गुरुत्वाकर्षण वजा करून देतो आणि गाडी ७-८ सेकंद एकसारखी ओढत राहिली की काही मोबाईलना वाटतं आपण तिरके झालोय, मग तो तुमचा खरा पिकअप पण गुरुत्वाकर्षण समजून खायला लागतो. म्हणून विथ जी घ्या, गाडी उभी असतानाचे ५-६ सेकंदाचे आकडे घ्या, त्याची सरासरी काढा आणि ती पुढच्या सगळ्या आकड्यांतनं वजा करा. एवढंच. ह्यालाच झिरो करणं म्हणतात आणि तो झिरो जिथनं टेस्ट सुरू होणार त्याच जागेवर, ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना करायचा, घराच्या अंगणात नाही.

मोबाईल कुठं ठेवायचा ते सांगतो. काचेला चिकटणारा लांब मानेचा स्टँड असतो बघा, जो खड्ड्यात मान डोलावतो, तो ह्या कामाला बाद. गिअरच्या पुढं जी सपाट कडक जागा असते तिथं डबल साइड टेपनं आडवा चिकटवा, वरची बाजू बॉनेटकडं. रबरी मॅट नको, खाली नुसतं प्लास्टिक. मग वाय नावाची जी रांग येते तीच तुमची पुढची दिशा. डावीउजवीकडं थोडा वाकडा बसला तर जीव काढू नका, ५ अंश वाकडा असला तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. पण नाकाच्या दिशेनं वर-खाली होणं, तो मात्र वेगळा विषय आहे, त्याच्यावर पुढं येतोच. आणि मोबाईल डॅशबोर्डवर उन्हात तापत ठेवून लगेच टेस्ट घेऊ नका, सेन्सर तापला की त्याचा शून्य सरकतो.

जागा. हे वाचून कुणी हायवेवर वंटमुरीच्या घाटात नाहीतर कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडं टेस्ट घ्यायला जाऊ नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर रेस आणि वेगाची चाचणी दोन्हीला बंदी आहे आणि तुम्ही घड्याळ लावून करताय ती चाचणीच. खासगी बंद जागा पाहिजे, मालकाच्या परवानगीनं. आमच्याकडं हे अवघड नाही, फाउंड्र्या आणि मशीन शॉप इतके आहेत की कुणाच्या तरी ओळखीत लांब काँक्रीटचा अंतर्गत रस्ता निघतोच, रविवारी बंद असतो. माझ्या मित्राच्या कारखान्यामागं सरळ ३०० मीटर मिळतो, तेवढा पुरतो. वॉचमनला सांगून ठेवा, दोन्ही टोकाला एकेक माणूस उभा करा आणि कुत्री हाकलून या, हे हसण्यावारी नेऊ नका.

शून्य ते शंभर विसरा. पहिलं म्हणजे जागा पुरत नाही, दुसरं म्हणजे त्यात क्लच सोडायची तुमची कला जास्त मोजली जाते आणि गाडी कमी, एखाद्या दिवशी क्लच चांगला सुटला तर अर्धा सेकंद कमी, त्यात फिल्टर कुठं शोधणार. एकाच गिअरमध्ये मोजायचं. मी तिसऱ्या गिअरला ताशी ३० ते ७० किमी घेतो. गाडी उभी, रेकॉर्डिंग चालू, दहा सेकंद हलायचं नाही, मग सावकाश उचलायची, २५ च्या आत तिसरा टाकायचा आणि ॲक्सिलरेटर एका दमात तळाला. ७० झाले की पाय काढायचा, नेहमीसारखा ब्रेक, पूर्ण उभी करायची आणि परत दहा सेकंद गप्प बसायचं. माझ्या गाडीला ३० ते ७० ला ८ सेकंद आणि वर थोडं लागतं, तेवढ्यात साधारण ११५ मीटर जातात. फिफॉक्समध्ये टाइम्ड रनची सोय आहे, किती सेकंदानं सुरू आणि किती वेळ चालू ते आधी घालून ठेवा म्हणजे गाडी चालवताना मोबाईलला हात लावायची गरज नाही.

शेवटी थांबायचं का सांगितलं? कारण गाडी उभी राहिली म्हणजे स्पीड शून्य, हे तर नक्की आहे ना. पण एक्सेलमध्ये बेरीज करत आलात की शेवटी शून्य येत नाही, २ येतो, नाहीतर उणे १.५ येतो. जमीन मोजणारे सर्व्हेवाले फिरून पहिल्या खुंटीवर येतात आणि फरक किती ते बघतात, तसंच हे. फरक ताशी ३ किमीच्या आत असेल तर तो सुरवातीपासनं शेवटपर्यंत वेळेच्या प्रमाणात वाटून टाका, त्याच्यापेक्षा जास्त असेल तर ती रन फेकून द्या, मोबाईल हलला असणार नाहीतर रस्त्याला चढ-उतार आहे. एक्सेलचं सूत्र शाळेतलंच आहे, आधीचा स्पीड अधिक ॲक्सिलरेशन गुणिले दोन ओळींमधला वेळ, आणि ३.६ नं गुणलं की किमी तास. पोरगं दहावीत असेल तर त्याच्याकडनं करून घ्या.

आता नाक वर होण्याचा विषय, कारण सगळ्यात जास्त लोक इथं आपटतात. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागं बसते आणि नाक उचलते. मीटर पण त्याच्याबरोबर मागं कलतो आणि मग गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग त्याला पुढचा धक्का वाटायला लागतो. किती? १ अंशाला ०.०१७५ जी. ऐकायला काहीच नाही, पण तिसऱ्या गिअरमधला माझ्या गाडीचा अख्खा पिकअपच ०.१४ जी आहे! म्हणजे १ अंशाला १२ टक्के आणि अर्ध्या अंशाला ६ टक्के फुकटचा पिकअप. आणि ही चूक त्या शून्याच्या हिशोबात सापडत पण नाही, कारण ब्रेक मारताना नाक खाली जातं तेव्हा मीटर तेवढ्याच प्रमाणात ब्रेक पण जास्त दाखवतो, जमा आणि खर्च दोन्ही फुगलेले, शिल्लक शून्य. वही बरोबर दिसते.

एका ओळखीच्या पोराच्या पोलोला ह्यावरनं काय झालं बघा. त्यानं कडक स्प्रिंगा घातल्या, इंजिनला हात लावला नाही आणि मीटरवर पिकअप ५ टक्के कमी आला. पोरगं घाबरलं, परत गॅरेजला, तिथं सांगितलं की इंजेक्टर साफ करायला पाहिजेत. काही नाही हो, स्प्रिंग कडक झाली, गाडी मागं कमी बसायला लागली, मीटर कमी कलायला लागला आणि आधीचे फुकटचे टक्के गेले. आकडा आधी खोटा होता, आता जरा खरा झाला. पैसे गेले ते गेले.

ह्याला उपाय टेपचा. बांधकामवाल्याकडची ३० मीटरची फायबर टेप घ्या, जिथनं निघालात तिथं पुढच्या चाकाशी खडूची खूण, जिथं थांबलात तिथं दुसरी आणि मधलं अंतर खरोखर मोजा. एक्सेलमधल्या स्पीडची परत बेरीज केली की अंतर मिळतं. टेप १८० मीटर म्हणतेय आणि मीटर १९१ म्हणतोय तर तुमचा मीटर ६ टक्के फुगवून सांगतो, सगळे आकडे त्या प्रमाणात खाली आणा. गाडीला एकदा हे काढून ठेवलं की बास, सस्पेन्शन बदललं तरच परत. जीपीएसच्या डबीला हा त्रास नाही, पण तिला वर मोकळं आभाळ पाहिजे, पत्र्याच्या शेडांच्या बोळात ती पण भंजाळते.

आणि आता पोतं. हा सगळा खटाटोप करून मीटर खरं किती बारीक बघू शकतो हे कसं कळणार? मी खूप दिवस ह्याच्यावर अडलो होतो. मग लक्षात आलं की पॉवर कमी करणं अवघड आहे, पण वजन वाढवणं सोपं. गाडी ५ टक्के जड केली की साधारण ५ टक्के पॉवर गेल्यासारखंच पळते. साखरेचं पोतं ५० किलोचं असतं, सिमेंटचं पण तेवढंच. गाडी आधी काट्यावर घाला, आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात आणि इंडस्ट्रियल भागात वजनकाट्यांना काय तोटा आहे, मोठा काटा ५-१० किलो इकडंतिकडं करतो, चालतंय. माझी मी धरून ९५० भरली. मग पोतं पुढच्या सीटच्या पायाशी ठेवायचं, डिकीत नको, मागं वजन गेलं की गाडीची बसण्याची तऱ्हाच बदलते.

मित्र लांबनं बघत होता, म्हणतोय, "काय करालास गा, साखर विकायला निघालास काय?"

रिकामी गाडी, सहा रन, तीन जाताना तीन येताना: ८.२ सेकंदाच्या मागंपुढं ०.१. एक पोतं टाकून: ८.६. दोन पोती: ९.०. हे बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा फिल्टर बसवताना पण झाला नव्हता. म्हणजे माझा मीटर, माझा रस्ता, माझा पाय, सगळं मिळून अर्ध्या पोत्याचा फरक ओळखू शकतो, त्याच्याखालचं काहीही तो सांगायला लागला तर विश्वास नाही. तुमचा आकडा वेगळा येईल. एक पोतं टाकून पण फरक दिसत नसेल तर तिथंच थांबा, मोबाईल घट्ट बसवा, जागा बदला, पण फिल्टर मोजायला जाऊ नका.

जाताना आणि येताना दोन्ही का, तर डोळ्याला सपाट दिसणारा रस्ता सपाट नसतो. १०० मीटरला १ मीटरचा उतार म्हणजे ०.०१ जी, माझ्या पिकअपच्या ७ टक्के. पाणी ओतून बघा कुठं पळतंय. पावसाळ्यात तर आपोआप कळतं. सहा रनमधल्या मधल्या दोनची सरासरी घ्या, सगळ्यात भारी आलेली नाही. भारी आलेली सांगायला बरी वाटते तेवढंच.

दोन टेस्टमध्ये सारखं काय ठेवायचं ते पण पोत्याच्या हिशोबानं लक्षात राहतं. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जरा आतच, म्हणजे फुल्ल आणि रिकामी ह्यात २७ किलोचा फरक, अर्धं पोतं गेलं तिथंच. शेजारी बसणारा मित्र दीड पोतं. डिकीतली जुनी बॅटरी, जॅक, लग्नातनं आलेली भांडी, काढा नाहीतर दोन्ही वेळेला ठेवा. एसी बंद, लाईट बंद, काचा वर, टायरची हवा सकाळी थंड असताना सारखी. इंजिन दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम केलेलं आणि दोन रनमध्ये उभं राहून गप्पा मारायचा वेळ पण सारखाच, कारण बॉनेटखाली उष्णता साठते आणि इंजिन गरम हवा ओढायला लागतं.

हवा तर सगळ्यात मोठी चोर आहे. थंड हवा घट्ट असते, १५ डिग्रीची हवा ३८ डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्क्यानं जड. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडं थंडी पडते तेव्हा सगळ्यांच्याच गाड्या पळतात, कुणी काही न बसवता. उंचीचं पण तसंच. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, हवा गोव्यापेक्षा ७ टक्क्याच्या आसपास पातळ, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन तेवढी ताकद इथं कमीच देतं. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला पोचल्यावर "आज गाडी मस्त पळूलाय" म्हणणारे सगळे बरोबरच म्हणतात, फक्त श्रेय घाटाच्या अलीकडं भरलेल्या पेट्रोलला देतात. टर्बोवाल्या गाड्यांना हा फरक बराच कमी जाणवतो. तर गोव्यातली रन आणि बेळगावची रन शेजारी मांडू नका, आधीची आणि नंतरची टेस्ट त्याच रस्त्यावर, त्याच सकाळी घ्या.

त्याच सकाळी म्हणजे कशी? जुना फिल्टर घेऊनच जायचं. जुन्यावर सहा रन, बदलायचा, नव्यावर सहा, आणि परत जुना बसवून तीन. लोक हे शेवटचं करत नाहीत, कंटाळा येतो. पण करा, कारण तेवढ्यात ऊन चढलेलं असतं, टायर गरम झालेले असतात, तुमचा हात बसलेला असतो. शेवटी जुन्यावर आलात आणि आकडा पहिल्याएवढाच आला तर मधला फरक खरा. माझं काय झालं सांगतो: जुना ८.२, नवा ८.१, परत जुना ८.१. म्हणजे काय, फिल्टरनं काही केलं नाही, सकाळ जरा पुढं सरकली एवढंच. आवाज मात्र खरंच खुलला होता, तो कानाला पटतो आणि कान लगेच पाठीला सांगतो की ढकललं बघ.

एक मात्र कबूल करतो, ३० ते ७० ची टेस्ट फिल्टरवर थोडी अन्याय करते. तिसऱ्यात ७० ला माझं इंजिन साडेतीन हजार आरपीएमच्याही आत असतं आणि फिल्टर, सायलेन्सर ह्यांचा फायदा असला तर वरच्या आरपीएमला, जिथं इंजिनला खरी हवा लागते. त्यासाठी दुसऱ्या गिअरमध्ये ५० ते ८० घेतलं, तिथं इंजिन सहा हजारापर्यंत जातं, ४ सेकंदात काम संपतं. पोत्याची परीक्षा इथं परत द्यावी लागते, एक पोतं फक्त ०.२ सेकंद खातं, म्हणून रन जास्त घ्याव्या लागतात, मी दहा घेतल्या. तिथं नव्या फिल्टरला पाव पोत्याएवढा फायदा दिसला असं म्हणायचं तर म्हणू शकतो, पण पोत्याच्या परीक्षेत माझी पोच अर्ध्या पोत्याची आहे हे आधीच लिहिलंय, त्यामुळं म्हणत नाही.

मीटरवर हॉर्सपॉवरचा आकडा येतो त्याचं काय? सूत्र साधं आहे, वजन गुणिले ॲक्सिलरेशन गुणिले स्पीड. ९५० किलो, १.४ मीटर प्रति सेकंद वर्ग, ५० किमी म्हणजे १३.९ मीटर प्रति सेकंद, गुणाकार साडेअठरा हजार वॅट, भागिले ७३५.५ म्हणजे २५ पीएस (हॉर्सपॉवरचंच मेट्रिक माप). ब्रोशरमध्ये ८३ लिहिलेत म्हणून कंपनीला शिव्या घालू नका. ते ८३ सहा हजार आरपीएमला, इंजिनच्या टोकाला मोजलेले, तुम्ही मोजताय चाकाला, अडीच हजाराच्या आसपास, गिअरबॉक्सनं आणि टायरनं आपापला वाटा खाल्ल्यावर, आणि हवेचा विरोध तर ह्या सूत्रात धरलेलाच नाही. शिवाय वजन तुम्ही ५ टक्के चुकीचं टाकलंत तर पॉवर पण ५ टक्के चुकली. म्हणून हा आकडा शेजाऱ्याच्या गाडीशी लावायचा नाही, फक्त आपल्याच कालच्या आकड्याशी.

टर्बो डिझेलला रिमॅप मारला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, तर मात्र हे सगळं बारीक तोलायची गरज पडत नाही, तिथं चार-चार पोत्यांचे फरक दिसतात, अडाण्याला पण कळेल. फक्त त्यातलं कायद्याचं लक्षात ठेवा. मोटर वाहन कायद्याच्याच कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या मूळ गोष्टी बदलता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच ठणकावून सांगितलंय. आणि इन्शुरन्सवाल्याला क्लेमच्या वेळीच हे सगळं आठवतं.

ब्रेक आणि टायर मोजायला हाच मीटर जास्त उपयोगी आहे असं माझं मत झालंय, कोण ऐकत नाही ते वेगळं. ६० वरनं पूर्ण ब्रेक, कोरडा रस्ता, एबीएस असलेली गाडी आणि बरे टायर असले तर ०.८ च्या वर जी दिसायला पाहिजे. ०.८ ला गाडी पावणेअठरा मीटरमध्ये थांबते, ०.९ ला पावणेसोळा. दोन मीटर म्हणजे समोर आडवा आलेला माणूस. झिजलेले टायर बदलून मोजलं तर फरक सरळ दिसतो, पोतं-बितं काही लागत नाही. आणि न्यूट्रलमध्ये गाडी सोडून ६० ते ४० यायला किती वेळ लागतो ते पण वहीत ठेवा, एका महिन्यात तो वेळ अचानक कमी झाला तर कुठंतरी ब्रेक चिकटतोय नाहीतर हवा उतरलीया.

वहीत काय लिहायचं: तारीख, वेळ, तापमान, पेट्रोलचा काटा, टायरची हवा, गाडीत कोण कोण, रस्ता ओला का कोरडा, सगळ्या रनचे आकडे, फेकलेल्या पण, आणि का फेकल्या ते. एका वेळेला एकच गोष्ट बदला. फिल्टर, प्लग आणि चाकं एकाच रविवारी बसवली तर पिकअप कुणामुळं आला ह्यावर घरातल्या भांडणासारखं कधीच काही ठरत नाही.

मित्राच्या डिझेलला पाऊस थांबल्यावर रिमॅप करायचंय, आधीच्या रन घेऊन ठेवल्यात, वजन काट्यावर १,२२० भरलंय. पोतं सभासदाच्या साखरेचं आहे, आईनं दोनदा विचारून झालंय गाडीतनं कधी खाली उतरवणार म्हणून. पैज परत कुंद्याचीच आहे, पण ह्यावेळी तो म्हणालाय, एक्सेल बघितल्याशिवाय देणार नाही.